एकसष्ट उत्तरं अंदाजे

माझ्या धाकट्या जावेला खोटं लिहिता येत नाही. बोलायला येतं. सासूबाईंनी नवा चष्मा आणला तेव्हा "शोभतो हं तुम्हाला" असं तिनं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, आणि तो चष्मा त्यांना अजिबात शोभत नव्हता. पण हातात पेन आलं की बाई बदलते. गॅसचं सिलिंडर कधी लावलं एवढं कॅलेंडरवर लिहायचं असलं, तरी आधी चौघांना विचारून खात्री करते आणि मग आकडा घालते. बारा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली की माणूस असा होत असेल, असं म्हणून मी हसून सोडून द्यायचे. ह्याच गुणापायी तिचं डॉक्टर होणं हुकतंय की काय अशी वेळ आली, तेव्हा मात्र माझं हसू पळालं.

मी शिवणकाम करते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. दोन मशिनं, कापडं बेतायचं एक लांबरुंद टेबल, एक आरसा, आणि कोपऱ्यात बिनडोक्याची एक बाहुली, जिच्या अंगावर कायम कुणाचा तरी अर्धवट झगा असतो. दहावीला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा गणितात आपटले. तोंडानं फटकळ आहे, हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

धाकटीनं ती बातमी जेवताना सांगितली. इस्पितळात नोटीस लागली होती की ज्यांची नर्सिंगची दहा वर्षं झाली आहेत त्यांनाही ह्या वर्षापासून मेडिकल कॉलेजची प्रवेश परीक्षा देता येईल. अट एकच होती. प्रवेशाच्या दिवशी वय पस्तिसाच्या आत हवं. धाकटीला चौतीस पूर्ण होऊन सहा महिने झाले होते, म्हणजे हे एकच वर्ष. पुढच्या वर्षी नोटीस पुन्हा लागली असती, पण तिच्यासाठी नाही.

"म्हणजे पुन्हा शाळा? ह्या वयात?" सासूबाई म्हणाल्या.

माझे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं असं नाहीच त्यांचं, आठवड्याला पाच वाक्यं झाली तर खूप. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो?"

मला राग आला. का आला ते खरं सांगते, कारण आता लपवून काय करायचं? मला हेवा वाटला. मी तिच्याहून मोठी. मी परीक्षेचं पुस्तक बंद केलं ते कायमचं, आणि ही बाई दोन लेकरं शाळेत घालून, सासूची औषधं सांभाळून, वर डॉक्टर व्हायचं म्हणते. मी फाडकन म्हणाले, "चाळिशीत डॉक्टर होऊन करणार काय? कॉलेजातली पोरं मावशी म्हणतील तुला." तिनं ताटं उचलली आणि घासायला गेली. दिरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि ते एक पाहणं मला रात्रभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ती दुकानाच्या दारात उभी. सकाळची पाळी करून तशीच आली होती, पांढऱ्या गणवेशात, काखेत जाडजूड पुस्तक.

"ताई, तुमच्या टेबलाचा एक कोपरा मिळेल का? वर टीव्ही चालू असतो."

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? मी कापडाचे दोन गठ्ठे बाजूला सारले. इथेच मी अडकले. माणूस आपल्या टेबलाशी रोज तीन तास बसायला लागलं की त्याचं काय चाललंय ह्यात आपलं लक्ष जातंच.

मला वाटलं होतं की परीक्षेत हाडं मोजायला सांगतील, नसांची नावं विचारतील, आणि ते सगळं हिला पाठच असेल. तसं काहीच नव्हतं. ती कल चाचणी होती. तुम्हाला काय येतं हे त्यात विचारतच नाहीत, तुमचं डोकं कसं चालतं ते बघतात. एक उतारा द्यायचा आणि त्यातून कुठलं विधान निघतं ते ओळखा म्हणायचं. आकडेमोड असायची. एखादा प्रसंग असायचा, की रुग्ण असं म्हणाला, सहकारी तसा वागला, तुम्ही काय कराल? आणि एक भाग नुसत्या आकृत्यांचा. चौकोन, त्रिकोण, ठिपके, आणि ह्यापुढची आकृती कोणती ते सांगा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. दोनशे प्रश्न आणि दोन तास. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलेल्याला शून्य. एकशे चाळीस मिळाले तर प्रवेश.

उतारे तिला जमत. प्रसंगांत तर ती कधी चुकलीच नाही, ते तिचं रोजचंच होतं. आकृत्यांपुढे मात्र तिनं हात टेकले. एके दिवशी एका आकृतीकडे ती इतका वेळ बघत बसली की मला वाटलं डोळे उघडे ठेवून झोपली.

"आण इकडे," मी म्हटलं. पाहिलं तर एक वेडावाकडा तुकडा होता, एका कडेला खाच असलेला, आणि खाली तसेच चार, त्यातला वेगळा कोणता ते ओळखायचं. "तिसरा," मी म्हणाले.

"कसं कळलं?"

"कसं म्हणजे? बाकीचे तीन फिरवलेत. हा उलटा केलाय."

तिला काही फरक दिसेना. मग मी बाहीचा कागदी बेत काढला आणि टेबलावर ठेवला. गरगर फिरवला. "ही कितीही फिरव, उजवीच बाही राहणार." मग पालथा घातला. "आता ही डावी झाली. कापताना ही चूक केली की अख्खं कापड वाया जातं आणि गिऱ्हाईक दारात भांडायला येतं. फिरवणं वेगळं आणि पालथं घालणं वेगळं." तिनं बेत हातात घेतला, फिरवला, पालथा घातला, पुन्हा फिरवला. मग पुस्तकातल्या पुढच्या सहा आकृत्या एकापाठोपाठ एक सोडवल्या आणि सहाही बरोबर आल्या.

"ताई, ही परीक्षा तुम्हीच द्यायला हवी होती," ती म्हणाली.

मला चिडवतेय असं वाटून मी वर पाहिलं. चिडवत नव्हती. त्या दिवसापासून माझा हेवा कुठे गेला कुणास ठाऊक. तिच्यापेक्षा मलाच त्या परीक्षेचं वेड लागलं. गिऱ्हाईक मापं द्यायला आलं तरी मी एका डोळ्यानं तिच्या पानाकडे बघायचे. एका बाईंचं कमरेचं माप मी छातीच्या रकान्यात लिहून ठेवलं, आणि त्या ब्लाउजचं पुढे काय झालं ते न विचारलेलं बरं.

परीक्षेला अडीच महिने उरले तेव्हा सराव परीक्षा सुरू झाल्या. दर रविवारी दुकान बंद ठेवायचं, शटर अर्धं खाली ओढायचं, आणि मी घड्याळ घेऊन समोर बसायचे. दोन तास झाले की "पेन खाली!" असं मी ओरडायचे, आणि त्या ओरडण्यात मला जो आनंद मिळायचा तो शाळेत कधी मिळाला नव्हता. पेपर ती स्वतःच तपासायची, पानामागच्या उत्तरांवरून, आणि मला फक्त गुण सांगायची.

पहिल्या रविवारी एकशे अठरा. दुसऱ्या रविवारी एकशे एकवीस. तिसऱ्या रविवारी एकशे एकोणीस.

"पुढच्या वेळी वाढतील," ती म्हणायची. पण चेहरा उतरलेला. चौथ्या रविवारी पुन्हा एकशे एकवीस आले तेव्हा मी तिच्या हातातून पेपर ओढून घेतला. म्हटलं, बघू तरी कुठे माती खातेय. आणि बघते तो काय, चुका जवळजवळ नाहीतच! एकशे पंचवीस प्रश्न सोडवलेले, त्यातले चार चुकलेले. बाकी पंचाहत्तर प्रश्नांपुढे काही म्हणजे काही नाही. कोरेच्या कोरे.

"हे काय?"

"वेळ पुरला नाही."

"वेळ पुरला नाही हे मला दिसतंय. पण खुणा का नाही केल्यास? चारांपैकी कुठल्याही एकावर ठोकून द्यायची! चुकलं तर गुण कापत नाहीत ना?"

"नाही कापत."

"मग?"

"वाचलंच नाही, तर उत्तर कसं लिहू?"

मी कपाळावर हात मारला. तिला समजावलं. पंचाहत्तर आंधळ्या खुणा केल्यास तरी चारात एक ह्या हिशेबानं अठराएक लागतील. हे मी सांगतेय, दहावीला गणितात दोनदा आपटलेली बाई! तिला पटत होतं. मान डोलवत होती. पण शेवटी म्हणाली, "हात जात नाही हो ताई."

आणि मग तिनं मला ते सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्यासोबतच्या एका मुलीनं गडबडीत एका बाईंचा ताप न बघताच लिहिला. सकाळी अठ्ठ्याण्णव होता म्हणून दुपारीही अठ्ठ्याण्णव. कागदावर अठ्ठ्याण्णव, आणि बाई तापानं फणफणलेल्या. संध्याकाळी झटके यायला लागले तेव्हा सगळे धावले. बाई वाचल्या, पण थोडक्यात. त्या दिवशी इनचार्ज सिस्टरनं सगळ्या नव्या मुलींना ओळीत उभं केलं आणि एकच वाक्य सांगितलं. मोजलं नाही ते लिहायचं नाही. जागा कोरी सोडा, मी रागावेन, पण खोटा आकडा दिसला तर इथे पाऊल ठेवू देणार नाही.

"बारा वर्षं झाली," धाकटी म्हणाली. "मी एकदाही न मोजता लिहिलेलं नाही. आता पेन्सिल टेकवली तरी हात थांबतो."

इथे कुणी समजूतदार बाई असती तर तिनं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला असता. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "हा ताप नाही मोजायचा! हा कागदाचा कपटा आहे! ह्यावर कोण मरणार आहे?" मी तो पेपर टेबलावर आपटला, तो खडूंच्या डब्याला लागला, डबा खाली, खडूंचा चुरा. "एक वर्ष आहे तुझ्याकडे, एक! आणि तू ते कोरं सोडणार?" धाकटी उठली, चुरा झाडून भरला, आणि वर निघून गेली.

दोन दिवस आमचं बोलणं बंद. मध्ये बिचारे दीर. "भाऊजी, तिला सांगा कात्री माझ्याकडे आहे." "वहिनी, ती म्हणतेय असू द्या." त्या दोन दिवसांत त्यांची महिन्याभराची वाक्यं खर्च झाली.

तिसऱ्या दिवशी मला इस्पितळात जावं लागलं. ऑपरेशन थिएटरचे हिरवे झगे मी शिवते, चाळीस झग्यांचं गाठोडं पोचवायचं होतं. धाकटीची पाळी त्या आठवड्यात पुन्हा कॅज्युअल्टीत लागली होती आणि स्टोअरचा रस्ता तिथूनच जातो. ती समोर आली तर काय बोलायचं ह्याची जुळवाजुळव करत मी गाठोडं घेऊन भिंतीशी उभी होते, तेवढ्यात बाहेर अँब्युलन्स येऊन थांबली. दार ढकलून ड्रायव्हर आत शिरला आणि आधी हेच ओरडला, "वजनकाटा आहेत का ड्यूटीवर?"

मला वाटलं वजनाचं यंत्र मागतोय. पडद्याआडून माझी जाऊ आली.

स्ट्रेचरवर एक बेशुद्ध माणूस होता. धडधाकट, पन्नाशीचा, ओठ निळे पडलेले. एक तरुण डॉक्टर धावत आला, इंजेक्शनची बाटली हातात, आणि त्या माणसाकडे न बघता त्यानं धाकटीला विचारलं, "सिस्टर, वजन?"

तिनं त्या माणसाकडे पायांपासून डोक्यापर्यंत एक नजर टाकली. "बहात्तर."

त्यानं औषध भरलं. तिनं फायलीत लिहिलं. मी मान उंच करून पाहिलं. माझी नजर सुईच्या नाकातून दोरा ओवणारी आहे, चार हातांवरूनही मला वाचता आलं. वजन ७२, अंदाजे.

त्या माणसाला आत नेलं. पंधरा मिनिटांनी तो हात हलवायला लागल्याचं डॉक्टरनं बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगितलं. मी अजून तिथेच, गाठोडं पायाशी. अँब्युलन्सचा ड्रायव्हर माझ्या शेजारी उभा राहून पाणी पीत होता. "तुम्ही त्यांच्या घरच्या का?" त्यानं विचारलं. "कमाल बाई आहेत. बेशुद्ध माणसाला काट्यावर कसा उभा करणार? औषध तर वजनावर असतं. ह्या नुसतं बघून सांगतात. नंतर मोजलं तर दोन-तीन किलोंचा फरक, फार नाही."

धाकटी हात धुऊन बाहेर आली तशी मी तिला धरलीच. दोन दिवसांचा अबोला गेला चुलीत.

"न मोजता लिहिलंस!"

"ताई, हळू बोला."

"न मोजता लिहिलंस की नाही? बहात्तर! मी ह्या डोळ्यांनी पाहिलं!"

"ते वेगळं. तिथे मोजायला थांबलं तर माणूस हातचा जातो. आणि मी अंदाजे म्हणून लिहिलंय. खोटं नाही लिहिलं."

"मग परीक्षेतही तेच कर! तिथे मोजायला थांबलीस तर तू हातची जातेस!"

 कॉरिडॉरमध्ये एक ट्रॉली आमच्यामधून गेली, दोघी भिंतीला चिकटलो. ट्रॉली गेल्यावर ती म्हणाली, "पण उत्तरपत्रिकेत अंदाजे असं लिहायला जागा नसते."

आता ह्या बाईला काय म्हणावं! पण ती गंमत करत नव्हती. तिला खरंच तेवढंच अडत होतं. मला हसावं की रडावं कळेना, आणि तसं न कळताच तोंडातून निघून गेलं, "कच्च्या कामाचा कागद देतात ना? त्यावर लिही. कुठले अंदाजे ते सगळे लिहून ठेव."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. बारा वर्षांचं ओझं म्हणणार नाही, तेवढं मला माहीत नाही. पण खांदे खाली आले एवढं मी पाहिलं. चोळी सैल करावी तसे.

पुढच्या रविवारी तिनं कच्च्या कागदावर वर ठसठशीत अक्षरात "अंदाजे" लिहिलं आणि खाली रेघ मारली. शेवटची दहा मिनिटं उरली की मी घड्याळावरून नजर न काढता म्हणायचं, "वजन?" की तिनं उरलेले प्रश्न भराभर घ्यायचे. एक नजर टाकायची, जे नक्की नाही ते पर्याय खोडायचे, उरलेल्यात जो जवळ वाटेल त्यावर खूण, आणि प्रश्नाचा क्रमांक त्या यादीत. पहिल्या खेपेला पेन्सिल दोनदा वर्तुळाबाहेर गेली. तरी एकशे छत्तीस आले. पुढे एकशे एकेचाळीस. त्यापुढे एकशे सत्तेचाळीस. दिरांनी तो आकडा ऐकला आणि "वा" म्हणाले. एक शब्द, पण त्यांच्याकडून.

परीक्षेच्या दिवशी दीर तिला स्कूटरवरून घेऊन गेले. मला एका शाळेच्या गणवेशांची ऑर्डर संपवायची होती, म्हणून मी दुकानातच थांबले. नसते थांबले तर बरं झालं असतं. अकरा शर्टांचे खिसे मी उलटे शिवले, तोंड खाली करून. बारावा हातात घेतला तेव्हा लक्षात आलं. उसवत बसले होते, तेव्हा दोघं आले.

धाकटीचा चेहरा पांढराफटक. खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, ग्लास ठेवला.

"अवघड होता. ह्या वेळी उतारे दुप्पट लांबीचे होते. घड्याळ पाहिलं तर बारा मिनिटं उरलेली, आणि एकसष्ट प्रश्न बाकी."

"मग?"

"मग मनात तुमचा आवाज काढला. वजन? आणि सुटले. एकसष्टच्या एकसष्ट केले. यादी पूर्ण झाली आणि घंटा वाजली. पर्यवेक्षक बाईंनी कच्चा कागद गोळा करताना यादी पाहिली, म्हणाल्या हे काय? मी म्हटलं, हे अंदाजे आहेत. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या."

आम्ही तिघंही हसलो. मग दीर, ज्यांना लिफ्टच्या तारा मोजायची सवय, ते हळूच म्हणाले, "म्हणजे नक्की किती?"

"एकशे एकोणचाळीस."

 दोनशेतून एकसष्ट गेले की एकशे एकोणचाळीस. हवे होते एकशे चाळीस. सगळी नक्की उत्तरं बरोबर आली असती, एकही चुकली नसती, तरी ती एका गुणानं बाहेर गेली असती. आता जे काही होतं ते त्या शेवटच्या बारा मिनिटांत होतं.

निकालाला तीन आठवडे लागले. मी त्या तीन आठवड्यांत कुणाकुणावर ओरडले त्याची यादी करायची तर कच्चा कागद पुरायचा नाही. निकाल सकाळी अकराला लागणार होता आणि धाकटी ड्यूटीवर, फोन लॉकरमध्ये. दीर काम सोडून दुकानात आले. ग्रीस लागलेल्या बोटांनी त्यांनी तिचा क्रमांक टाकला. पान उघडेना. पुन्हा टाकला. फिरतंय, फिरतंय. मी म्हटलं, "आणा इकडे, तुमच्या बोटांना घाबरलाय तो फोन." आणि माझ्या हातात पान उघडलं.

एकशे त्रेपन्न. प्रवेशास पात्र.

दीर स्टुलावर बसले आणि तोंड ओंजळीत लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, धाकट्या भावाच्या फिरवावा तसा, आणि निघाले. दुकान उघडं, गळ्यात मापाची टेप, हाताच्या पट्टीला टाचण्या लावलेल्या. इस्पितळाच्या पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही.

ती पडद्याआड कुणाची तरी जखम बांधत होती. "धाकटे!" मी हाक मारली.

"दोन मिनिटं, ताई."

जिला तोंडात गोष्ट एक मिनिट ठेवता येत नाही, ती मी पडद्याबाहेर उभी. आतून तिचा शांत आवाज येत होता, "दुखतंय का? झालंच हं. उद्या ओली करू नका." मग ती बाहेर आली. हातमोजे काढले. नळाशी गेली आणि हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, सावकाश, नेहमीसारखे. मला वाटलं आता माझंच वजन कुणीतरी विचारायला लागेल. शेवटी नळ बंद करून ती वळली.

"किती?"

"एकशे त्रेपन्न."

"तुम्ही स्वतः पाहिलंत, की ह्यांनी सांगितलं?"

"मी पाहिलं. स्वतः. दोनदा."

आणि मग ती बाई, जी गेली तेरा वर्षं ह्या घरात खालमानेनं वावरली, तिनं वॉर्डाच्या मधोमध दोन्ही हात वर केले आणि अशी काही आरोळी ठोकली की सलाइन लावलेले म्हातारे उठून बसले. ओल्या हातांनी मला मिठी मारली. टाचण्या टोचल्या असणार तिला, पण ती सोडीना. मीही रडले, मोकळेपणानं रडले. दहावीला नापास झाल्यावर जेवढी रडले होते, तेवढीच आज उलट्या कारणानं रडले. इनचार्ज सिस्टर धावत आल्या, कोण गेलं म्हणून. तो तरुण डॉक्टरही आला. त्याला कळलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "पण सिस्टर," तो म्हणाला, "आता आम्ही वजन कुणाला विचारायचं?"

"डोळे आहेत ना? बघायला शीक!" असं मीच त्याला सुनावलं. इनचार्ज सिस्टर हसल्या.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही चला सोबत." दीर म्हणाले, "जा." मी नवी साडी नेसले. फाटकाशी ही गर्दी. अठरा-अठरा वर्षांची पोरं, पाठीवर दप्तरं, आणि प्रत्येकाबरोबर आई किंवा बाप. फाटकावरचा रखवालदार हात आडवा करून उभा होता. धाकटी पुढे गेली, तसा तो तिला म्हणाला, "बाई, पालकांनी इथेच थांबायचं. आत फक्त विद्यार्थी."

"मीच विद्यार्थी," ती म्हणाली आणि ओळखपत्र काढून दाखवलं.

त्यानं फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग हात बाजूला घेतला. "जा की मग. तास सुरू होईल." ती आत निघाली. मीही मागोमाग पाऊल टाकलं, तर त्यानं हात पुन्हा आडवा घातला. "आणि तुम्ही कोण?"

 कधी नव्हे ते मी मुकाट्यानं मागे सरले आणि पालकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. शेजारी एक बाई डोळे पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून आपुलकीनं विचारलं, "तुमचं कोण गेलं आत? मुलगा की मुलगी?"

"जाऊ," मी म्हटलं. "माझी जाऊ!" आणि ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की पार पायऱ्यांपर्यंत पोचलेल्या धाकटीनं वळून पाहिलं, आणि सगळ्या पोरांदेखत मला हात केला.